डावा हात वर केला होता

किन्हवली
२७ जून २००३

बारकू,

नारळ आणि बिस्किटांचा पुडा पोचला. सकुबाई बाजारावरून येताना घेऊन आली. म्हणाली, "गुरुजींनी धाडलंय. शाळा सुरू झालीय, येता येत नाय म्हनले." नारळ मी फोडला नाय, तसाच कोनाड्यात ठेवलाय. भाची हॉस्पिटलातून घरी येते आणि मामा नारळ धाडतो, हे मी पहिल्यांदाच बघितलं. धसईवरून किन्हवली काय परमुलखात आहे?

तू विचारली नायस तरी खुशाली लिहिते. नम्रताच्या उजव्या हाताची मधली तीन बोटं गेली. अंगठा आहे, करंगळी आहे. टाके काढलेत. खाते, पिते, भिंतीकडं बघत बसते. धाऊ सकाळी उठला की रोपं बघायला म्हणून शेतावर जातो, आणि तिथंच बांधावर बसून असतो. नवरा रडायला बांधावर जातो. मला चूल सोडून कुठं जाता येतं?

आता कामाचं. कंपनीचा माणूस येऊन गेला. आमच्याच खाटेवर बसला, आमचाच चहा प्यायला, आणि म्हणाला पोरीची चूक आहे. त्या पत्रा कापायच्या यंत्राला दोन बटणं असतात. दोन्ही हातांनी एकदम दाबायची, म्हणजे दोन्ही हात बाहेरच राहतात. त्यातलं एक बटण कोणीतरी चिकटपट्टी लावून दाबून ठेवलेलं, काम भरभर उरकावं म्हणून. मग ही एका हातानं बटण दाबायची आणि दुसऱ्यानं पत्रा सरकवायची. "असं बटण दिसलं की मशीन बंद करायची आणि सांगायचं, हे आमी ट्रेनिंगमध्ये शिकवलंय," तो म्हणाला. "समजलं का म्हणून विचारलं, सगळ्यांनी हात वर केले. हा बघा फोटो."

फोटोत मोठी खोली आहे. खुर्च्यांवर पोरं-पोरी बसलेत, सगळ्यांचे हात वर. तिसऱ्या रांगेत आपली. दसऱ्याला शिवलेला निळा ड्रेस घातलाय.

तो गेल्यावर मी फोटो तिच्यापुढं धरला. म्हटलं, "हात वर केलास ना गो? मग कळलं व्हतं ना? मग बटण का नाय बघितलंस?"

ती म्हणाली, "आई, मी डावा केला व्हता."

मला वाटलं दुखण्यानं डोकं फिरलं हिचं. मग तिनं सांगितलं. ते सांगितलं तसं लिहिते, खोटं असेल तर तसं कळव. तू आमच्या वाडीच्या शाळेवर होतास तेव्हा तपासणीला साहेब यायचे. तू पोरांना आधीच सांगून ठेवायचास, साहेबांनी काही विचारलं की सगळ्यांनी हात वर करायचा. ज्याला येतं त्यानं उजवा, ज्याला येत नाय त्यानं डावा. साहेबाला सगळा वर्ग हुशार दिसायचा. तू उजव्यातला एक उठवायचास. साहेबाची जीप गेली की डाव्यावाल्यांना चिंचेखाली बसवून तेच परत शिकवायचास. हे खरं आहे?

मी आजपर्यंत हे ऐकलं नव्हतं. घरी कोणी सांगितलं नाय. चार वर्षं माझी पोर तुझ्या वर्गात डावा-उजवा करत होती आणि मला वाटत होतं ती शिकतेय.

ती म्हणते, "मामा कधी रागवायचा नाय. डावा केला की त्याला कळायचं. मग तो येऊन सांगायचा."

तशी ती त्या कंपनीत डावा हात वर करून बसली. शिकवणारा हिंदीत बोलला, मध्ये मध्ये इंग्लिश. तिला अर्धं कळलं नाय. बाकीचे चहाला गेले तरी ही खुर्चीत बसून होती, कोणीतरी येऊन सांगेल म्हणून. कोणी आलं नाय. शेवटी झाडूवाली बाई म्हणाली, "ऊठ गो, मला झाडायचंय."

तू ये. कंपनीच्या साहेबांपुढं उभा राहा आणि सांग की डावा हात म्हणजे नाय कळलं. एवढं एकच वाक्य. चूक तिची ठरली तर ती कायमची घरी बसली. नाय ठरली तर त्यांना तिला परत घ्यावं लागेल, बसून करायचं काहीतरी काम द्यावं लागेल. बारावी झालेली पोर आहे. हात तुटका आणि वर चूकही तिचीच, अशी पोर मी कुठं ठेवू?

गोजर

किन्हवली
१९ जुलै २००३

बारकू,

पत्र आलं. अक्षर झकास, लहानपणापासून तसंच. मजकूर वाचून धाऊला दाखवला. तू लिहितोस, "त्या बालिश गोष्टी आता उकरण्यात अर्थ नाही. शिक्षणाचा हेतू विद्यार्थ्याला जीवनासाठी सक्षम करणे हा असतो. तिने तिथल्या तिथे प्रश्न विचारायला हवा होता." मी धाऊला विचारलं सक्षम म्हणजे काय. तो म्हणाला, "आपला ढवळा बैल व्हता तसं असंल." दोघं हसलो. या घरात हसायला झालं त्याला महिना होऊन गेला असेल.

पण तू खोटं आहे असं लिहिलं नायस. बालिश लिहिलंस. म्हणजे खरं आहे.

विचारायला हवं होतं म्हणतोस. मीही तिला तेच म्हटलं. एवढी मोठी घोडी, तुला कळू नये की कंपनी म्हणजे मामाची शाळा नाय? ती म्हणाली, "कळत व्हतं. पण एवढ्या लोकांत नाय म्हणायला तोंड उघडलं नाय. हात आपोआप डावा गेला. म्हटलं, खोटं तरी नाय बोलले." आता याच्यावर तूच बोल.

परवा मी तिला समोर बसवलं. म्हटलं, एवढी वर्षं शाळेत गेलीस, काय शिकलीस ते सांग. तिनं सांगितलं. नद्या उगमापासून सांगितल्या. ताग कुठं पिकतो. झाडाचं पान उन्हात अन्न कसं बनवतं. कुठल्या तहात कोणाला काय मिळालं. घडाघडा, न थांबता, तुटका हात मांडीवर ठेवून. माझं चौथीचं डोकं, मला तर देवीची आरती चालल्यासारखं वाटलं. मग मी म्हटलं, "आता हिंदीत म्हण, साहेब, मला कळलं नाय, परत सांगा." ती गप्प. म्हटलं, "मराठीत म्हण." तरी गप्प. मी ओरडले, "म्हण की गो! तोंडाला काय टाके घातलेत?" तशी रडायला लागली.

एवढ्या पुस्तकांत ते एक वाक्य कुठंच नव्हतं का रे? तुझ्याकडून ती किन्हवलीच्या मोठ्या शाळेत गेली. तिथं गाईडातलं पाठ केलं की झालं. बोलणाऱ्या पोराला बाकावर उभं करायचे आणि गप्प बसणारीला शहाणी म्हणायचे. हिला दोनदा बक्षीस मिळालं, शांत मुलगी म्हणून. पितळेचा पेला आहे घरात. त्यात आता मलमाची ट्यूब ठेवलीय.

तुझ्या वंदनानं सकुबाईकडून निरोप धाडला, "घरात पोरीला कधी तोंड उघडू दिलं का, ते पण विचारा वन्सांना." तिला सांग, पोरीनं पाहुण्यांसमोर बोलू नये हे आईनं नाय सांगायचं तर कोणी सांगायचं? घरातली रीत वेगळी आणि शाळा वेगळी. घरात मी शिकवायचं ते शिकवलं. शाळेत पगार घेऊन शिकवायचं ते कोणाचं काम होतं?

असो. तू कधी येतोस ते लिही. सरळगाववरून एसटी आहे, तुला माहीत आहे.

गोजर

किन्हवली
१४ ऑगस्ट २००३

बारकू,

तू घरात होतास. तुझ्या चपला दारात होत्या, अंगठ्याला शिवलेल्या, त्या मी ओळखते. वंदना म्हणाली, "हे मुरबाडला मीटिंगला गेलेत." बरं. चपला घरी ठेवून गेले असतील.

बाजाराचा दिवस बघून मुद्दाम आले होते, कोणाला वाटू नये की भांडायला आले. पडवळं घेतली, वंदनाच्या हातात दिली. तिनं चहा केला. तुझ्या पुरस्काराचं सांगितलं. आदर्श शिक्षकांत नाव गेलंय, गुपित आहे म्हणाली आणि शेजारणीसमोरच सांगितलं. मला म्हणते, "वन्सं, आता यावेळी ते साहेबांपुढं जाऊन तपासणीत काय काय चालायचं ते सांगत बसले तर काय राहील? पंचवीस वर्षांची नोकरी. सगळ्याच शाळांत असलं चालतं, हे एकटेच होते का?"

मी म्हटलं, "सगळ्या शाळांतल्या पोरींची बोटं शोधत फिरायला मला वेळ नाय. माझ्या एकीची बोलते मी."

ती म्हणाली, "तुमचं बोलणंच असं."

तेवढ्यात तुझा रूपेश मुरबाडच्या इंग्लिश शाळेतून आला. टाय काढत काढत विचारतो, "आत्या, नम्रताताईनं स्टॉप का नाय म्हटलं? तिनं विचारलं का नाय? बटणाला पट्टी कोणी लावली? त्याला शिक्षा झाली का?" एका दमात. वंदना कौतुकानं म्हणाली, "यांच्या शाळेत प्रश्न विचारला की टीचर टाळ्या वाजवायला लावतात." मी त्याच्याकडं बघत राहिले. गुणी आहे. एवढ्या दिवसांत बटणाला पट्टी कोणी लावली, हे विचारणारा तो पहिलाच. माझ्याही मनात आलं नव्हतं.

मग मला एक कळलं, बारकू. काय शिकवायला पाहिजे ते तुला माहीत होतं. माहीत नसतं तर रूपेशला एवढ्या लांब गाडीत घालून धाडला नसतास. वाडीच्या पोरांना वाडीचं, आणि आपल्या पोराला बाहेरचं.

चहा अर्धा ठेवून निघाले. वंदनाला वाटलं असेल रागानं ठेवला. साखर जास्त होती.

गोजर

किन्हवली
१० सप्टेंबर २००३

बारकू,

पेपरात फोटो बघितला. शाल चांगली आहे. धाऊनं पान फाडून नम्रताला दाखवलं, ती म्हणाली, "मामा बारीक झाला." तिच्या तोंडून तुझ्याबद्दल वाईट निघत नाय. मी सांगून सांगून थकले.

मिळालं ते मिळालं. आता ते कोण काढून घेणार आहे? म्हणून परत लिहिते.

कामगारांच्या हापिसात अर्ज दिलाय. दिवाळी झाल्यावर साहेब दोघांचं ऐकून घेणार आहे. मी त्याला डाव्या हाताचं सांगितलं. तो म्हणाला, "बाई, हे तुमचं झालं. कोणीतरी सांगणारं पाहिजे." वर्गातली कोणी चालेल का म्हणून मी कमळकडं गेले. तुला आठवत असेल, नम्रताच्या शेजारी बसायची, नेहमी डाव्यावाली. ती हसली आधी, म्हणाली, "काकी, मी तर अजून नवऱ्यापुढं डावाच करते." मग सासू पडवीत आली, तशी म्हणाली, "माझ्याकडून नाय जमायचं. हापिसात उभी राहिले तर घरात घेणार नायत." आदेश त्याच वर्गातला, त्याच कंपनीत आहे. तो रस्त्यात भेटला की सायकलवरून उतरतच नाय, लांबूनच हात करतो. कुठला हात ते मी बघत नाय.

साहेब म्हणाला गुरुजी आले तर चालेल. गुरुजींचं मानतात. म्हणून तू. दुसरं कोणी असतं तर मी तुझ्या दाराकडं बघितलंही नसतं.

नम्रता डाव्या हातानं लिहायला शिकतेय. सकाळी पाटी घेऊन बसते, पोरं बसतात तशी. आधी रेघा काढल्या, आता अक्षरं येतात, पाय फुटल्यासारखी. खर्डीहून एक स्थळ आलेलं, ते परत गेलं. त्यांनी निरोप धाडला की मुलीचा काही दोष नाय, पण कंपनीत चूक केली म्हणतात. बघ, खर्डीपर्यंत गेलं. बोटं गेली ती लोक विसरतील. चूक विसरणार नायत.

मला विनवण्या करता येत नायत, तुला माहीत आहे. बाबा मेला तेव्हाही मी कोणाकडं गेले नाय. पण ये. चिंचेखाली बसवून परत शिकवायचास ना? तसं समज. एक डावा राहिलाय.

गोजर

किन्हवली
२ डिसेंबर २००३

बारकू,

तू आलास. मी बोलवलं म्हणून नाय, हापिसातून कागद आला म्हणून. तरी मी बाकावर तुला जागा केली. तू कंपनीच्या माणसांशेजारी बसलास, तिकडं पंखा होता.

नम्रता सकाळपासून खूश होती. निळा ड्रेस धुऊन घातला होता. मी म्हटलं हा नको, तर म्हणाली, "फोटोत हाच हाय ना, साहेबांना ओळखायला बरं." तू आत आलास तेव्हा तिनं मला कोपरानं ढोसलं. "मी म्हटलं व्हतं ना, मामा येल."

जे झालं ते तुझ्यासमोरच झालं, तरी लिहिते. तिथं तू बघत नव्हतास, म्हणून लिहिते.

साहेबानं तुला विचारलं, "गुरुजी, अशी काही पद्धत होती का तुमच्या वर्गात? डावा हात, उजवा हात?"

तू चष्मा काढलास, रुमालानं पुसलास. म्हणालास, "नाही साहेब. आम्ही मुलांना प्रामाणिकपणाच शिकवला."

खरं सांगू, मला राग यायच्या आधी हसू आलं. खरंच तर आहे. त्या फोटोतल्या सगळ्यांनी हात वर केले. त्यातल्या कोणाला हिंदी कळलं होतं आणि कोणाला नाय, देव जाणे. प्रामाणिक हात एकच होता, आणि तो तू शिकवलेला.

मग साहेब नम्रताकडं वळला. माणूस वाईट नव्हता. हळू आवाजात म्हणाला, "बाळ, गुरुजी काय म्हणाले ते ऐकलंस. म्हणजे तुला ट्रेनिंग मिळालं होतं, तू समजलं म्हणून हात वर केलास, आणि मशीन थांबवली नाहीस. असा निकाल जाईल. सगळं नीट समजलं का तुला?"

मला वाटलं आता तरी बोलेल. घरी दिवाळीपासून रोज म्हणून घेत होते तिच्याकडून. "साहेब, मला कळलं नाय, परत सांगा." भाकरी थापता थापता म्हणायला लावायचे. हिंदीत आणि मराठीत, दोन्हीत. घरी यायला लागलं होतं.

उजवा हात ओढणीत गुंडाळलेला. तिनं डावा वर केला. सरळ, कोपर न वाकवता, कानाला लावून. आणि तुझ्याकडं बघत राहिली.

साहेब लिहिणाऱ्याला म्हणाला, "घ्या. समजलं म्हणते."

मी ओरडले, "डावा हाय तो! साहेब, डावा हाय!" शिपाई म्हणाला, "बाई, बाहेर व्हा." धाऊनं माझा हात धरला. कंपनीचा एक जण हसला. सगळ्यांनी एक पोर हात वर करून बसलेली बघितली. त्या खोलीत तो हात वाचता येणारा माणूस एकच होता, आणि तो टेबलाच्या पायाकडं बघत होता.

झालं. चूक तिची ठरली. तसा शिक्का बसला.

तुला सांगायचं राहिलंय ते पुढं आहे. सगळे उठले. तू बाहेर गेलास. आमी तिला म्हटलं, चल गो, एसटी जाईल. ती उठेना. बाहेरच्या बाकावर जाऊन बसली, पाय जुळवून. धाऊ म्हणाला, "पाणी पाहिजे का?" नाय म्हणाली. मी म्हटलं, "कोणाची वाट बघतेस?" ती जिन्याकडं बघत होती. हापिसातले लोक डबे खायला गेले. शिपायानं पंखे बंद केले. ती बसून. मग खाली तुझी मोटारसायकल सुरू झाली, गेटातून बाहेर पडली, आवाज लांब लांब गेला. तो येईनासा झाला तेव्हा ती उठली. म्हणाली, "चल."

त्यानंतर तिनं पाटी उचलून माळ्यावर टाकली. त्याआधी एवढंच लिहून दिलं. पाकिटावरचा तुझा पत्ता, डाव्या हातानं. अक्षर ओळखू येणार नाय तुला, म्हणून सांगितलं.

उत्तर धाडू नको.

गोजर